भाईंदरला उणे चाळीस

भर मे महिन्यात भाईंदरमध्ये डिझेलचं तापमान उणे ४० अंश नसतं, हे शाळकरी पोरही सांगेल. स्कॅनरवर मात्र हा आकडा मी अनेकदा पाहिला आहे. गाडीच्या ईसीयूला, म्हणजे इंजिन सांभाळणाऱ्या संगणकाला, तापमान कळतच नाही. त्याला कळतात फक्त व्होल्ट. इंधन-तापमान सेन्सरच्या पोटात थर्मिस्टरचा एक मणी असतो. तो तापला की त्याचा विद्युतरोध उतरतो. मायकेल फॅरेडेला हा प्रकार १८३३ मध्येच सिल्व्हर सल्फाइडमध्ये दिसला होता, पण थर्मिस्टर बाजारात विकण्याजोगा व्हायला जवळजवळ शंभर वर्षं गेली. आमच्याकडे येणाऱ्या बऱ्याच सेन्सरांचा रोध २० अंशांना अडीच हजार ओहमच्या आसपास असतो आणि ८० अंशांना सव्वातीनशेवर येतो. ईसीयू सेन्सरला ५ व्होल्ट देतो आणि त्याच्यावर किती व्होल्ट उरले ते बघून तापमान ठरवतो. वायर तुटली की पूर्ण ५ व्होल्ट उरतात, म्हणजे त्याच्या हिशेबी कडाक्याची थंडी. वायर बॉडीला टेकली की शून्य व्होल्ट, म्हणजे डिझेल उकळतंय.

डिझेलच्या तापाशी इंजिनाला काय घेणं, असं गिऱ्हाईक विचारतं. डिझेल ४० अंशांनी तापलं तर साधारण तीन टक्क्यांनी फुगतं. इंजेक्टर तेवढाच वेळ उघडला तरी सिलिंडरमध्ये वजनाने कमी इंधन पडतं, आणि ती तूट ईसीयूला भरून काढायची असते. शिवाय तापलेलं डिझेल पातळ होतं, आणि हाय-प्रेशर पंपाला वंगण असतं ते डिझेलचंच. इंजेक्टरांना डिझेल पुरवणाऱ्या कॉमन रेलमध्ये दाब दीड हजार बारच्या पुढे जातो. एवढ्या दाबाखालून आलेलं, न वापरलेलं डिझेल गरम होऊन टाकीत परततं. म्हणून कायम रिझर्व्हवर गाडी चालवणाऱ्यांचं डिझेल लवकर तापतं. पाच लिटर डिझेल किती उष्णता रिचवणार? ताप फार वाढला की बऱ्याच गाड्यांचा ईसीयू स्वतःच ताकद कमी करतो.

गॅरेजमध्ये चेक लाइट दिसली की पहिलं वाक्य ठरलेलं : ‘सेन्सर उडालाय.’ माझा अनुभव उलटा आहे. सेन्सर बिचारा क्वचित मरतो. मरतं ते वायरिंग, आणि आमच्या भागात तर फारच. एका बाजूला उत्तनचा समुद्र, दुसऱ्या बाजूला खाडी आणि मिठागरं. कपलरमधल्या पिना हिरव्या पडायला इथे एक पावसाळा पुरतो. उरलेलं काम उंदीर करतात.

म्हणून मी आधी काहीच उघडत नाही. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीची सकाळी फक्त चावी फिरवायची, इंजिन चालू करायचं नाही, आणि स्कॅनरवर इंजिनचं पाणी, आत येणारी हवा आणि डिझेल ही तीन तापमानं शेजारी शेजारी बघायची. तिघं रात्रभर एकाच जागी होते, आकडे जवळपास सारखेच हवेत. एकटा पंधरा अंश लांब असेल तर संशय तिथेच. एक सावधगिरी बाळगावी : बिघाड कळला की काही ईसीयू स्वतःच एखादा बरा दिसणारा आकडा धरून चालतात आणि स्कॅनरवर तोच दाखवतात. म्हणून अंशांपेक्षा व्होल्ट बघितलेले बरे.

मग कपलर काढायचा. आकडा थंडीच्या टोकाला जायला हवा. मग वायरिंगच्या बाजूच्या दोन पिना वायरच्या तुकड्याने जोडायच्या. आकडा उष्णतेच्या टोकाला जायला हवा. दोन्ही झालं तर ईसीयू आणि वायरी बहुतेक धड आहेत, सेन्सर बघा. हे फक्त दोन पिनांच्या सेन्सरवर. तीन-चार पिना असतील तर त्यात दाबाचा सेन्सरही असू शकतो. तिथे सर्किटचा नकाशा न बघता काहीही जोडू नये. आणि बारा व्होल्टचा टेस्ट लॅम्प इथे लावणाऱ्याच्या हातून तो काढून घ्यावा.

खरी फसवणूक अर्धवट गंजलेली वायर करते. समजा, तिने ५० ओहम जास्तीचे घातले. सकाळी अडीच हजारांत ते लपतात, आकडा अर्धाच अंश चुकतो. डिझेल ८० अंशांवर गेलं की तेच ५० ओहम पाच अंशांची चूक करतात. म्हणून ‘थंड असताना ठीक, तापल्यावर बिघडते’ म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाला खोटं ठरवू नये.

उत्तनहून मासळी नेणारा एक पिकअप असाच आला. कोड पी-०१८३, म्हणजे सर्किटचे व्होल्ट जास्त, म्हणजे कुठेतरी तुटलंय. सेन्सर आधीच बदललेला, तरी आठवड्याने पुन्हा तेच. कपलरच्या पिना स्वच्छ होत्या. मीटर लावून मी हार्नेस इंचाइंचाने हलवत गेलो. चासीच्या वळणावर आकडा उडाला. टेप सोडली तर इन्सुलेशनवर सुईचं एक भोक. कोणीतरी वायर तपासायला टोचली होती. वरून बर्फाचं खारं पाणी ठिबकत होतं. भोकातून ते आत शिरलं आणि दोन्ही बाजूंना वीतभर तांबं काळं-हिरवं करून गेलं.

मी वायर कधी टोचत नाही. कपलरच्या मागच्या बाजूने, रबरी सीलच्या कडेने बारीक पिन सरकवायची. वेळ लागतो, पण भोक पडत नाही. ती खराब लांबी पूर्ण कापली, नवी वायर क्रिम्प केली, गोंदवाली श्रिंक ट्यूब चढवली आणि हार्नेस पाण्याच्या वाटेतून वर बांधला.

बिल बघून ड्रायव्हर म्हणाला, ‘‘दादा, पार्ट तर काहीच टाकला नाही, मग पैसे कसले?’’

‘‘शोधण्याचे.’’

त्याने कापलेला तुकडा हातात घेऊन वाकवला, आतली हिरवी भुकटी बोटाला लागली. ‘‘मग माझा जुना सेन्सर चांगलाच होता की!’’ असं म्हणत तो आधीच्या गॅरेजला फोन लावायला बाहेर गेला.