पिक्सी नागोयात आला तेव्हा

नागोया हे गाव तुम्हाला ठाऊक असेल तर ते टोयोटामुळे. तोक्यो आणि ओसाका यांच्या मध्ये असलेलं, कामाला लागलेलं, पर्यटकांनी गाडीच्या खिडकीतून बघून सोडून दिलेलं शहर. इथल्या पन्नाशीच्या पुढच्या कुठल्याही माणसाला "पिक्सी" असा एकच शब्द म्हणून बघा. आधी चेहरा उजळतो आणि मग पुढची वीस मिनिटं तुमची नसतात.

पिक्सी म्हणजे द्रागान स्तोयकोविच. सर्बियातल्या निश गावचा, जन्म १९६५. लहानपणी पिक्सी आणि डिक्सी या उंदरांचं कार्टून त्याला भयंकर आवडायचं म्हणून हे नाव पडलं. जपान्यांनी मात्र पिक्सीचा शब्दकोशातला अर्थ घेतला आणि त्याला 'परी' करून टाकलं. उंदराची परी! स्थलांतर करणाऱ्या माणसाच्या नावाचं काय काय होतं याचा मला चांगला अनुभव आहे. माझ्या आडनावातला 'ळ' इथे कुणालाच जमत नाही.

आपल्याकडे फुटबॉल म्हणजे चार वर्षांतून एकदा रात्री जागून बघायची गोष्ट. त्यामुळे हा माणूस केवढा मोठा होता हे आधी सांगायला हवं. १९९०चा विश्वचषक, इटली. व्हेरोनाला युगोस्लाव्हियाचा सामना स्पेनशी. पिक्सीने पहिला गोल केला तो असा : चेंडू आला, आता हा मारणार म्हणून बचावपटू घसरत पुढे गेला, आणि याने मारलाच नाही! चेंडू शांतपणे बाजूला घेतला आणि मग मारला. जादा वेळेत फ्री किकवर दुसरा. स्पेन घरी. पुढच्या फेरीत अर्जेंटिनाविरुद्ध पेनल्टी मारताना याचाच फटका आडव्या खांबाला लागला. त्याच शूटआऊटमध्ये मॅराडोनाचीही पेनल्टी हुकली, पण त्याचा संघ जिंकला, आणि जिंकणाऱ्याचं हुकलेलं कोण लक्षात ठेवतो?

त्याच उन्हाळ्यात तो बेलग्रेडचा रेड स्टार क्लब सोडून फ्रान्समधल्या मार्सेयला गेला. वय २५. इथून पुढची वर्षं त्याची असायला हवी होती. पण गुडघा गेला. शस्त्रक्रिया, विश्रांती, पुन्हा दुखणं. मे १९९१मध्ये युरोपियन कपची अंतिम फेरी झाली, बारी शहरात, आणि समोर कोण? रेड स्टार. जादा वेळ संपत आला असताना याला मैदानात उतरवलं ते पेनल्टी चांगली मारतो म्हणून. त्याने प्रशिक्षकाला सांगितलं, माझ्या जुन्या क्लबाविरुद्ध मी मारणार नाही. मार्सेय हरलं. पगार कुणाचा आणि मन कुणाकडे, हा प्रश्न परदेशात नोकरी करणाऱ्या प्रत्येकाला पडतो, पण तो असा लाखो लोकांच्या डोळ्यांदेखत सोडवावा लागत नाही, हे आपलं नशीब. (मार्सेयच्या माणसाने यावर काय म्हणावं, तो भाग वेगळा. मी त्यांचा पाठीराखा असतो तर चिडलो असतो.)

मग देशच गेला. युगोस्लाव्हिया फुटत होता, युद्ध पेटलं होतं, आणि १९९२च्या मे अखेरीस संयुक्त राष्ट्रांनी निर्बंध घातले. युरो स्पर्धा तोंडावर आलेली असताना संघाला बाहेर काढण्यात आलं. त्यांच्या जागी ऐनवेळी डेन्मार्कला बोलावलं आणि डेन्मार्कने ती स्पर्धा चक्क जिंकली. १९९४चा विश्वचषकही गेला. सत्तावीस ते तीस ही फुटबॉलपटूची सोन्यासारखी वर्षं. त्यात या माणसाला स्वतःच्या देशासाठी खेळायची मुभाच नव्हती. इकडे मार्सेयही सामना विकत घेतल्याच्या प्रकरणात सापडलं आणि १९९४मध्ये खालच्या विभागात ढकललं गेलं.

अशा अवस्थेत तो नागोयाला आला. त्या वेळी जपानची लीग जेमतेम वर्षभराची होती. झिको, लिनेकर, लिटबार्स्की असे मोठे खेळाडू इथे आले होते, पण कारकिर्दीच्या संध्याकाळी. युरोपातल्या लोकांनी पिक्सीच्या नावापुढेही मनातल्या मनात पूर्णविराम दिला असणार. "जपानला गेला? संपला मग." मी पीएचडीला अमेरिकेऐवजी इथे येतोय म्हटल्यावर आमच्या एका काकांचा चेहरा साधारण असाच झाला होता.

आमच्या प्रयोगशाळेत एक वयस्कर तंत्रज्ञ होते. धातूंना वारंवार ताण देऊन ते कधी तुटतात हे मोजायची जी यंत्रं आमच्याकडे आहेत, ती त्यांच्याच हातची. बोलणं कमी. पण पिक्सी म्हटलं की गडी सुटायचा. १९९४च्या सप्टेंबरात गिफूच्या नागारागावा मैदानावरच्या सामन्याला ते हजर होते. पाऊस इतका की चेंडू जमिनीवर ठेवला की पाण्यात रुतून बसे. बाकीचे खेळाडू चिखलात लाथा झाडत होते. याने काय करावं? चेंडू पायावर उचलला आणि खाली न पडू देता हवेतल्या हवेत टप टप टप उडवत पुढे पळत सुटला. "जमिनीवर पाणी आहे तर जमीन वापरायचीच कशाला!" हे सांगताना ते स्वतःच्या पायाने हवेत करून दाखवायचे, हातात पाना तसाच. मी ती चित्रफीत नंतर पाहिली. अभियंत्याला आवडेल असंच उत्तर आहे ते.

१९९५मध्ये आर्सेन वेंगर प्रशिक्षक म्हणून आला (हो, नंतरचा आर्सेनलवाला तोच). आदल्या वर्षी तळाशी लोळणारा संघ वर आला. पिक्सी लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला आणि १ जानेवारी १९९६ला ग्राम्पसने एम्परर्स कप जिंकला. पुढच्याच वर्षी वेंगर लंडनला गेला. पिक्सी राहिला, २००१मध्ये निवृत्त होईपर्यंत. पंचांशी कडाकडा भांडायचा, पिवळी कार्डं गोळा करायचा, आणि तरीही या अतिशिस्तीच्या शहराने त्याला आपला मानलं.

२४ मार्च १९९९ला नाटोने युगोस्लाव्हियावर बॉम्बहल्ले सुरू केले. तीन दिवसांनी, २७ तारखेला, ग्राम्पसचा सामना कोबेशी होता. पिक्सी खेळला. आणि खेळता खेळता त्याने जर्सी वर करून आतला शर्ट दाखवला. त्यावर लिहिलं होतं, "नाटोने हल्ले थांबवावेत". हल्ले ७८ दिवस चालले. मे महिन्यात त्याच्या निश गावातही बॉम्ब पडले, माणसं गेली. कोसोवोतल्या अल्बानियन लोकांवर त्याआधी आणि त्या काळात सर्बियन फौजांकडून जे चाललं होतं, ते त्या शर्टावर नव्हतं, हेही सांगायला हवं. शर्टावर मावतं तेवढंच मावतं. पण गावावर बॉम्ब पडत असताना नऊ हजार किलोमीटरवर बसलेल्या माणसाने समतोल लेख लिहावा, ही अपेक्षा मी तरी करणार नाही.

हा प्रसंग मला त्या तंत्रज्ञांनी सांगितला तो एप्रिल २०२१मध्ये. बाबा नाशिकला इस्पितळात होते, ऑक्सिजनवर. भाऊ रात्रभर सिलिंडरसाठी फिरत होता आणि मला फोनवर आकडे कळवत होता : ८८, ९१, ८६. मी काय करत होतो? यंत्राच्या पडद्यावर धावणारे आकडे बघत होतो. ॲल्युमिनियमच्या एका पट्टीने तेरा लाख आवर्तनं पूर्ण केली होती. जाऊन उपयोग नव्हता, मला कुणी आत सोडलं नसतं. आणि मे महिन्यात तर भारतातून येणाऱ्या परदेशी नागरिकांना, इथला निवासाचा परवाना असला तरी, जपानने प्रवेश बंद केला. म्हणजे गेलो असतो तर परत येणं अवघड. तंत्रज्ञ शेजारी येऊन बसले, डब्यातला कॉफीचा कॅन पुढे केला आणि "तेव्हा पिक्सी तिसऱ्या दिवशी खेळला" एवढं बोलून ती गोष्ट सांगितली. "घरी जा" म्हणाले नाहीत, "काम कर" म्हणाले नाहीत. मी त्या दिवशी पट्टी तुटेपर्यंत बसलो. कर्तव्य वगैरे काही नाही हो, हाताला दुसरं काही नव्हतं. माझ्या बाबतीत शर्टावर लिहायचं तरी काय आणि दाखवायचं कुणाला?

बाबा एकोणीस दिवसांनी घरी आले. आत्या गेली. तिचं दहावं मी स्वयंपाकघरात लॅपटॉप ठेवून पाहिलं.

असो. पिक्सीकडे येऊ. २००८मध्ये तो ग्राम्पसचा प्रशिक्षक म्हणून परतला. २००९ला योकोहामात सामना चालू असताना एक खेळाडू जखमी झाला म्हणून गोलकीपरने चेंडू बाहेर टोलवला. तो आला थेट साहेबांच्या दिशेने. साहेब सुटाबुटात. चेंडू जमिनीला लागायच्या आत त्यांनी चामडी बुटाने असा हाणला की पन्नासेक मीटरवरून सरळ जाळ्यात! पंचांनी त्यांना बाहेर काढलं. गोल अर्थातच धरला नाही. २०१०मध्ये त्याच्या हाताखाली ग्राम्पसने लीग जिंकली, क्लबाच्या इतिहासात पहिल्यांदा. मी इथे आलो २०१३च्या शरद ऋतूत, त्याच्या शेवटच्या हंगामात. एकदाच पाहिला, मिझुहो मैदानावर, तोही लांबून. राखाडी सूट आणि हातवारे. तेव्हा तो कोण हे मला माहीत नव्हतं. तिकीट फुकट मिळालं होतं एवढंच.

पुढे तो चीनला गेला आणि २०२१मध्ये सर्बियाच्या राष्ट्रीय संघाचा प्रशिक्षक झाला. ज्या देशातून तो १९९०मध्ये निघाला होता तो तोवर नकाशावर उरलेला नव्हता. त्याच वर्षी १४ नोव्हेंबरला लिस्बनमध्ये सर्बियाने पोर्तुगालला २-१ हरवलं. नव्वदाव्या मिनिटाला गोल, आणि कतारच्या विश्वचषकाचं थेट तिकीट. इथे तेव्हा सोमवारची पहाट होती. तंत्रज्ञ निवृत्त होऊन सहा महिने झाले होते, पण सकाळी प्रयोगशाळेत हजर. डोळे लाल, हातात मिठाईचा खोका.

"आमच्या पिक्सीने रोनाल्दोला हरवलं," त्यांनी दारातूनच जाहीर केलं.

पुढच्या वर्षी कतारमध्ये सर्बिया गटातच गारद झाला. त्याबद्दल ते अवाक्षर बोलले नाहीत.