समुद्रातल्या गोड विहिरी

आमचं जांब समर्थ हे 1608 साली जन्मलेल्या समर्थ रामदासांचं जन्मगाव. राममंदिरात नमस्कार करून मी मालवणची वाट धरली. जालना, पुणे, कोल्हापूर आणि मग फोंडा घाट. घाट उतरला की मातीचा रंगच पालटतो. काळी रानं मागे पडतात आणि लाल जांभा सुरू होतो.

मालवणच्या किनाऱ्यावर आधी मोरयाचा धोंडा पाहिला. खडकातच गणपती आणि चंद्र-सूर्य कोरलेले आहेत. 25 नोव्हेंबर 1664 रोजी शिवाजी महाराजांनी इथं पूजा करून समोरच्या कुरटे बेटावर सिंधुदुर्ग किल्ल्याची पायाभरणी केली, असं सांगतात. गडाकडे जाणारी होडी तटाला भिडेपर्यंत दरवाजा काही दिसत नाही. तो बुरुजांच्या वळणात असा दडवलाय, की परक्या गलबताला नुसती भिंतच दिसावी. आत शिरल्यावर लहानशा घुमट्यांमध्ये चुन्यात उमटलेले हाताचे आणि पायाचे ठसे आहेत. ते महाराजांचे मानतात. पुढे राजाराम महाराजांनी 1695 मध्ये बांधलेलं शिवराजेश्वराचं देऊळ. इथल्या शिवाजी महाराजांच्या मूर्तीला दाढी नाही, हे पाहून पहिल्यांदा येणारा चमकतोच.

पण मी आलो होतो दूधबाव, साखरबाव आणि दहीबाव पाहायला. 2012-13 च्या दुष्काळात आमच्या जालना जिल्ह्यातल्या मोसंबीच्या बागा उभ्या वाळल्या, माणसं टँकरची वाट बघत बसली. आणि इथं चहूबाजूंनी खारं पाणी असताना मधोमध या गोड्या पाण्याच्या विहिरी! कठड्याला टेकून कितीतरी वेळ आत बघत राहिलो. दगडी बांधकाम, फटींतून फुटलेली नेचाची पानं, खाली संथ, हिरवट पाणी. आणि कानावर मात्र तटाबाहेरच्या लाटांचा आवाज. बेटात मुरलेलं पावसाचं पाणी खाऱ्या पाण्याहून हलकं असतं, म्हणून ते त्याच्यावर तरंगून राहतं, असं भूजलशास्त्र सांगतं. गडावर आधी पाणी बघणारी ती माणसं मला तट बांधणाऱ्यांइतकीच थोर वाटली. पाणी नसतं, तर एवढ्या तटाआड शिबंदी किती दिवस तगली असती?

गडावर आजही काही कुटुंबं राहतात. म्हणून येणाऱ्यांना एकच विनंती: विहिरींत नाणी, बाटल्या टाकू नका. पावसाळ्यात होड्या बंद असतात, दिवाळीनंतर या.