माणूस खाणारी बाई

मराठीच्या प्राध्यापकाने दिवाळी अंकात भयपटावर लिहावे, हे आमच्या क्षेत्रातल्या थोरांना रुचणार नाही. संतवाङ्मय पडले आहे, लोकसाहित्य पडले आहे. आणि याला सुचले काय, तर माणसे खाणाऱ्या बायकांचे सिनेमे! पण माझा जन्म परतवाड्याचा. समोर मेळघाटाचे डोंगर, पलीकडे अचलपूरच्या जुन्या वेशी आणि पडके वाडे, मध्ये सागवानाच्या वखारी. भुताला याहून अधिक सोय कुठली हवी? या विषयात परतवाडेकराला थोडा वारसाहक्कच आहे म्हणा ना.

आमच्याकडे बैतूलच्या रस्त्यावर बहिरमची जत्रा भरते. डिसेंबरची वीस तारीख आली, की हंड्या चुलीवर चढतात, रोडग्यांचा धूर उठतो, आणि पुढे महिनाभर तो खाली बसत नाही. १९९० च्या सुमारास तिथल्या एका तंबूत मामाने मला 'वीराना' दाखवला. रामसे बंधूंचा हा बोलपट १९८८ चा. तो फक्त प्रौढांसाठी होता, मी नऊ-दहा वर्षांचा होतो. पण तंबूच्या दारावरच्या माणसाला फक्त तिकिटाशी मतलब होता. खाली सतरंजी, अंगावर मामाची शाल, मध्ये दोरी बांधलेली. दोरीच्या अलीकडे बाप्ये, पलीकडे बायाबापड्या. पडद्यावर एक सुंदर तरुणी पुरुषांना भुलवी, आणि भुललेला पुरुष काही परत येत नसे. मी शालीत तोंड खुपसले, तेव्हा मामा म्हणाला, "भेतं काहून बे? थे पावडर लावेल हाये!" स्वतः मामा मात्र रात्री लघवीला जाताना मला सोबतीला घेऊन गेला.

हे रामसे म्हणजे मोठे हिशेबी लोक. वडील फ. उ. रामसे फाळणीनंतर कराचीहून मुंबईत आलेले, त्यांचा मूळ धंदा रेडिओचा. १९७० साली त्यांनी काढलेला 'एक नन्ही मुन्नी लडकी थी' आपटला. पण त्यात पृथ्वीराज कपूर भेसूर मुखवटा घालून चोरी करतात, असा एक प्रसंग होता. आणि लोक तेवढ्या प्रसंगासाठी येतात, हे मुलांनी हेरले. मुले सात. कुणी दिग्दर्शन घेतले, कुणी कॅमेरा, कुणी ध्वनी, कुणी संकलन. घरातल्या बायकाही कामाला लागल्या. सगळे बिऱ्हाड महाबळेश्वरला नेऊन १९७२ साली 'दो गज जमीन के नीचे' काढला. पगार घरातल्या घरात! बारा वर्षांनी आलेला 'पुराना मंदिर' तर असा चालला, की बड्या निर्मात्यांनी तोंडात बोट घालावे. शहरी टीकाकार नाके मुरडीत राहिले. गल्ला भरला तो आमच्यासारख्या तालुक्याच्या गावांनी.

आता हिशेबाच्या दृष्टीने पाहा. राक्षस दाखवायचा, तर मुखवटा लागतो, रबर लागते, दांडगा नट लागतो. आगगाडी उलटवायची म्हणजे लाखांची बाब. पण माणूस खाणारी बाई? एक पांढरी साडी, मोकळे केस, ओठांच्या कडेला थोडा लाल रंग. संपले. बाकीची सामग्री प्रेक्षक आपल्या घरूनच आणतो. आजीने सांगितलेली हडळ, आत्याने आडावर पाहिलेली लावसट, सगळ्या फुकट कामाला येतात. म्हणून हा धंदा कधी बुडत नाही.

आपल्या भाषेचेच पाहा. पुरुष मेला, तर त्याचा मुंजा होतो, समंध होतो. फार शिकलेला असेल, तर ब्रह्मराक्षस होतो. वेताळाची तर पालखी निघते! त्यांना काही मानमरातब आहे. बाईचे तसे नाही. बाळंतपणात गेली, तर हडळ किंवा अळवंत. सवाष्ण गेली, तर जखीण. विधवा गेली, तर लावसट. म्हणजे मेल्यावरही तिचा नवरा आहे की नाही, याची नोंद ठेवलेली. हे मी वर्गात सांगतो, तेव्हा मुले हसतात, मुली हसत नाहीत.

अमेरिकनांनी या बाईची थट्टा करून पाहिली. 'कॅनिबल विमेन इन द ॲव्होकॅडो जंगल ऑफ डेथ' असे गाडीभर नावाचे एक चित्र १९८९ साली तिकडे निघाले. पुरुष खाणाऱ्या बायकांची टोळी कॅलिफोर्नियाच्या जंगलात दडली आहे, आणि तिच्या शोधाला सरकार धाडते कुणाला, तर एका प्राध्यापिकेला! (प्राध्यापकांवर एवढा विश्वास टाकणारे दुसरे सरकार माझ्या पाहण्यात नाही.) ते लिहिणारा-दिग्दर्शित करणारा लॉटन पुढच्याच वर्षी 'प्रेटी वूमन'चा लेखक म्हणून गाजला. चित्र यथातथाच, पण तिकडे त्या टोळीवर हसता येते, कारण शेजारच्या घरात ती राहत असेल, असे आता कुणाला वाटत नाही.

आमच्या व्यासांनी तर तिला सून केली. हिडिंबेला भावाने पाठवले होते, ते माणसांचे मांस आणायला. तिने भीमाला पाहिले आणि ती भूक विसरली. त्याच भीमाने कीचकाला मारून दरीत फेकले, म्हणून कीचकदरा, त्याचा पुढे चिखलदरा झाला, असे आमच्याकडे सांगतात. तिथे भीमकुंड दाखवतात. हिडिंबेचे मात्र तिथे कुणी काही दाखवत नाही.

परतवाड्याहून घाट चढला, की तीसेक किलोमीटरवर चिखलदरा. त्या बाजूची एक मुलगी माझ्या वर्गात होती. हडळ-जखिणीचा तास संपल्यावर ती दाराशी थांबली आणि म्हणाली, "सर, तुम्ही सांगितल्या त्या सगळ्या मेलेल्या. आमच्याकडची डाकीण जिवंत असते."

मी तिला बसवून घेतले. लेकरू सुकत जाते. पोट फुगते, हातपाय काड्या होतात. कुपोषणाचे हे रूप मेळघाटात १९९३ पासून साऱ्या महाराष्ट्राने वर्तमानपत्रांत वाचले आहे. पण ज्या घरात ते घडते, तिथे आधी विचारतात, याला कुणी खाल्ले? आणि बोट जाते ते एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या बाईकडे. तिच्या आजीकडे असेच बोट गेले होते. मारले कुणी नाही. फक्त तिच्या हातचे पाणी बंद झाले, आणि बायका लेकरांना पदराखाली झाकून तिच्या दारावरून जाऊ लागल्या.

नरेंद्र दाभोलकरांचा खून २० ऑगस्ट २०१३ रोजी झाला, त्यानंतर जादूटोणाविरोधी वटहुकूम निघाला, डिसेंबरात कायदा झाला. कुणावर करणीचा आळ घेऊन त्याचे जगणे कठीण करणे हा आता गुन्हा आहे; शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत. तरी २०२४ च्या डिसेंबरअखेरीस याच चिखलदरा तालुक्यातल्या एका गावात सत्त्याहत्तर वर्षांच्या वृद्धेला जादूटोण्याच्या संशयावरून मारले, चटके दिले, मूत्र पाजले, गावातून धिंड काढली, अशी तक्रार झाली. बातमी आली, तेव्हा बहिरमची जत्रा ऐन भरात होती.

ती बातमी वाचताना मला 'वीराना'ची सुरुवात आठवली. त्यात चेटकिणीला आधी फासावर देतात, आणि मग तिचा आत्मा ठाकुराच्या लेकीत शिरतो. फास आवळला, तेव्हा दोरीच्या अलीकडे आम्ही शिट्ट्या मारल्या होत्या. पलीकडून काही आवाज आल्याचे आठवत नाही. रामशांना दोष देण्यात अर्थ नाही. त्यांनी विकले, ते आमच्याच घरातले होते. पण पडद्यावरचा जमाव नेहमी बरोबर असतो, बाई खरोखरच चेटकीण निघते, ही या स्वस्त चित्रांतली सर्वांत महागडी गोष्ट आहे, आणि तिचे बिल तंबूत कुणी भरीत नाही.

त्या मुलीची आजी पुढे मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेसाठी परतवाड्याला आली आणि नातीच्या खोलीवर राहिली. रात्री नात मैत्रिणींबरोबर मोबाईलवर कसलासा भयपट पाहत होती. आजीही उघड्या डोळ्याने पाहू लागली. चेटकिणीचे दात पाहून ती खूप हसली. मग मशाली घेऊन माणसे धावत आली, बाईला झाडाला बांधू लागली, तेव्हा आजीने कोरकूत विचारले, "हिने कुणाचे लेकरू खाल्ले?"

"अजून कुणाचेच नाही," नात म्हणाली, "आत्ता तर सुरू झाला."

आजीने मोबाईल बंद करायला सांगितला. पुढे काय झाले, ते नातीने पाहिलेले नाही. मला तिने चित्राचे नाव सांगितले होते. मी ते अजून लावलेले नाही.