गादीवरून सुटलेला शब्द

कीर्तनाची सेवा मी 2019 साली थांबवली. गळा साथ देईना, गुडघे साथ देईनात, आणि नारदाच्या गादीवर खुर्ची टाकून बसणे मनाला पटेना. आता घरी ज्ञानेश्वरीचे वाचन, सकाळ-संध्याकाळ हरिपाठ, आणि कोणी विद्यार्थी आला तर त्याला चार गोष्टी सांगणे, एवढाच व्यवसाय उरला आहे. तरी आज एक गोष्ट अशी आहे की ती गादीवरूनच सांगायला हवी होती. गादी नाही, म्हणून या मासिकाच्या पानावरून सांगतो.

माझे मृदंगाचार्य मित्र चौतीस वर्षे माझ्या उजव्या हाताला उभे राहिले. आळंदीला आम्ही एकत्र शिकलो. मी अभंग पाठ करीत असे, ते बोल पाठ करीत. पुढे मला गावोगावच्या सप्ताहांची निमंत्रणे येऊ लागली, तेव्हा मी संयोजकांना एकच अट घालीत असे : मृदंगाला आमचेच महाराज असतील. मी कुठे श्वास घेणार, कुठे चाल सोडून दृष्टांतात शिरणार, हे त्यांना माझ्याआधी कळत असे.

आता माझा अपराध सांगतो. कीर्तनात श्रोत्यांना जागे ठेवायला विनोद लागतो, आणि प्रत्येक कीर्तनकाराचे काही हुकमी विनोद असतात. माझा एक हुकमी विनोद परदेशी गेलेल्या मुलांवर होता. "ज्याचे लेकरू विमानात बसले, त्याने आपली तिरडी आधीच बांधून ठेवावी," असे म्हटले की मंडप हसत असे. म्हातारे तर डोळे पुसत हसत. हा विनोद मी वीस वर्षे केला. माझ्या मित्राचा एकुलता एक मुलगा अमेरिकेला गेला, त्यानंतरही केला. मृदंग वाजत राहिला, मात्रा कधी चुकली नाही, आणि मी त्यांच्या चेहऱ्याकडे कधी वळून पाहिले नाही.

2021 च्या एप्रिलात, त्या साथीच्या दुसऱ्या लाटेत, ते गेले. मुलगा येऊ शकला नाही. अग्नी पुतण्याने दिला. दहाव्याला भीमेच्या घाटावर वीस-पंचवीस माणसे, तीही अंतर राखून बसलेली. मित्रासाठी म्हणून मी प्रवचनाला बसलो, आणि दुःखाच्या भरात बोलून गेलो, "पैसा पोहोचला, लेक पोहोचला नाही." यावेळी कोणी हसले नाही. माना मात्र डोलल्या.

पुढे वहिनी मुलाकडे गेल्या. दर एकादशीला त्यांचा फोन येई. 2023 च्या दिवाळीत मुलाचाच फोन आला, "काका, नाताळाच्या सुट्टीत आमच्याकडे या. तिकीट मी पाठवतो. आईला तुमच्यासमोर बसून एकदा हरिपाठ म्हणायचा आहे." मी गुडघ्याचे निमित्त सांगितले, पारपत्राचे सांगितले. खरे कारण सांगायला जीभ वळली नाही. शेवटी वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, मी आता परत येईनसे वाटत नाही. तुम्हीच या." मग गेलो.

गावाचे नाव लिटिट्स. पेनसिल्व्हेनिया राज्यात, फिलाडेल्फियाहून मोटारीने दीड-दोन तासांवर, साधारण नऊ हजार वस्तीचे. आसपास आमिश लोकांची शेती आहे. वीज आणि मोटार नाकारून राहणारे हे लोक करड्या घोडागाड्यांतून जातात. बैलगाडीच्या काळात वाढलेल्या माझ्यासारख्याला अमेरिकेत पहिली ओळखीची गोष्ट दिसली ती घोड्याच्या टापांची.

त्या दिवसांत घराघराच्या ओसरीवर कागदी चांदणी लटकत होती, सव्वीस टोकांची, आत दिवा. मी नातवाला विचारले. अकरा वर्षांचा आहे, मराठी समजते, उत्तर अर्धे इंग्रजीत देतो. म्हणाला, ही मोरेव्हियन चांदणी. हे गाव त्या पंथाच्या लोकांनी 1756 साली वसवले, आणि पहिली सुमारे शंभर वर्षे येथे दुसऱ्या कोणाला घर घेता येत नसे.

या पंथाची हकीकत मुलाने सांगितली तेव्हा मी सावरून बसलो. बोहेमिया देशात यान हुस नावाचे धर्मोपदेशक होऊन गेले. विद्वानांच्या लॅटिन भाषेऐवजी ते लोकांच्या चेक भाषेत प्रवचने करीत, धर्मसत्तेचे दोष उघड बोलत. 1415 साली त्यांना जिवंत जाळले. त्यांच्या मागे राहिलेल्यांनी 1457 साली आपला बंधुसंघ स्थापला. पुढे छळ होऊन पांगलेले त्यांचे वंशज 1722 पासून जर्मनीत एका सरदाराच्या जमिनीवर आश्रयाला आले आणि तेथून अमेरिकेपर्यंत पोहोचले. माउलींनी 1290 साली गीतेचा अर्थ मराठीत आणला, त्यानंतर सव्वाशे वर्षांनी दूर देशी एक माणूस आपल्या मायबोलीसाठी उभा राहिला आणि अग्नीत गेला. आम्हाला आळंदीत हे कोणी सांगितले नव्हते. आम्हीही विचारले नव्हते.

एका सकाळी वहिनी मला त्यांच्या दफनभूमीत घेऊन गेल्या. चर्चच्या मागेच आहे. मी बिचकतच गेलो. पाहतो तर उभे दगड फारसे नाहीत. जमिनीबरोबर आडवे, सारखे, साधे दगड, ओळीने. श्रीमंताचा मोठा आणि गरिबाचा लहान असा भेद नाही. जुन्या भागात तर घराण्याप्रमाणेही जागा नाही. ज्या क्रमाने माणूस गेला त्या क्रमाने, पुरुष एकीकडे, स्त्रिया एकीकडे. मला पंढरपूरची नामदेव पायरी आठवली. महाद्वारात सर्वांच्या पायाखाली जागा मागणारे नामदेवराय, आणि येथे हे गवतात आडवे पडलेले शे-दोनशे वर्षांपूर्वीचे लोक. मी चप्पल काढू लागलो. वहिनी म्हणाल्या, "थंडी आहे भाऊजी, राहू द्या. त्यांना कळलं."

तिथल्या बाकावर बसून त्यांनी मला जे सांगितले, त्यासाठीच त्या मला तिकडे घेऊन आल्या होत्या, हे मला नंतर उमगले.

त्या म्हणाल्या, "हे गेले त्या दिवशी इकडे पोरगा विमानतळापर्यंत गेला होता. कागदपत्रांची अडचण निघाली. गेला असता तर परत कधी येता येईल याचा भरवसा नव्हता, आणि सूनबाईला सातवा महिना. तिथून माघारी आला. तेरा दिवस खाली जमिनीवर झोपला. एकवेळ जेवला. मला हे सूनबाईनं सांगितलं, त्यानं नाही."

मग त्यांनी शेजाऱ्यांचे सांगितले. पलीकडच्या घरात एक वृद्ध जोडपे राहते. ते आजोबा चर्चच्या वाद्यवृंदात ट्रोम्बोन वाजवतात. नळी पुढे-मागे सरकवून वाजवायचे लांब पितळी वाद्य ते. या पंथात जुनी चाल अशी की कोणी गेले की ट्रोम्बोनवर तीन धुना वाजवून गावाला वर्दी द्यायची. पहिली धून म्हणजे एक जीव गेला. दुसऱ्या धुनेवरून कोण गेले ते कळते : लेकरू, कुमारिका, विवाहित पुरुष, विधवा, प्रत्येकाची धून निराळी. तिसरी पुन्हा पहिलीच. मुलाने आजोबांना एवढेच सांगितले होते की वडील गेले, ते देवाच्या दारी वाद्य वाजवीत असत. संध्याकाळी आजोबा आपल्या अंगणात एकटे येऊन उभे राहिले आणि त्यांनी तिन्ही धुना वाजवल्या. दुसरी विवाहित पुरुषाची.

वाचक माउली, मी त्या बाकावर किती वेळ बसलो ते सांगता येत नाही. भीमेच्या घाटावर मी म्हणत होतो, लेक पोहोचला नाही. आणि सातासमुद्रापलीकडे, ज्याने आमच्या महाराजांना कधी पाहिले नाही, असा एक वाजवणारा एका वाजवणाऱ्याची वर्दी गावाला देऊन मोकळा झाला होता.

दुसऱ्या दिवशी शुक्रवार, 22 डिसेंबर. मार्गशीर्ष शुद्ध एकादशी, गीता जयंती. तेथील घड्याळ आपल्या साडेदहा तास मागे. आपल्याकडे पहाटे चारला काकडा सुरू होतो तेव्हा तेथे आदल्या दिवसाचे संध्याकाळचे साडेपाच, आणि बाहेर काळोख. वहिनींनी त्या वेळेला हरिपाठ बांधून घेतला आहे. पंढरपूर जागे होते त्या वेळी त्या टाळ घेऊन बसतात.

त्या संध्याकाळी त्यांनी मला दोन शब्द बोलायला सांगितले. मी उभा राहिलो. भिंतीवर महाराजांचा मृदंग टांगलेला होता. घर तापवण्याच्या यंत्राने हवा कोरडी होते, कातडे तडकते, म्हणून मृदंगाखाली पाण्याचे पातेले ठेवलेले असते. मुलाने मृदंग खाली काढला. नातवाने स्वयंपाकघरातून कणकेचा गोळा आणला आणि धुम्यावर लावला, न सांगता, योग्य जागी. मुलगा मृदंग मांडीशी घेऊन बसला. मला माहीतच नव्हते की त्याला वाजवता येते. साधा भजनी ठेका. हात कच्चा होता, पण डावा पंजा पडला आणि मी दचकलो. दाब बापाचा होता.

मी अभंग घेतला. दुसऱ्या चरणापुढे गळा गेला नाही. मग थांबून बोललो. तो विनोद सांगितला, वीस वर्षे केला हे सांगितले, घाटावरचे वाक्य सांगितले. म्हणालो, "तुझ्या बापाच्या शेजारी उभा राहून मी तुझी चेष्टा विकली. त्यांनी ठेका चुकू दिला नाही, म्हणून मला वाटले त्यांना लागले नाही. मला क्षमा कर."

मुलगा मृदंगाच्या वादीवरून बोट फिरवीत राहिला. मग म्हणाला, "काका, दहाव्याचं प्रवचन पुतण्यानं फोनवर दाखवलं होतं. मी ऐकलं होतं."

मी विचारले, "मग मला बोलावलंस कसा?"

तो म्हणाला, "राग होता. दोन वर्षं तुमचा आवाज घरात लावू दिला नाही. पण बाबांचं वाजवणं जेवढं माझ्याकडे आहे, ते सगळं तुमच्या कीर्तनातलं आहे. तुमचा आवाज बंद केला की बाबांचा हातही बंद होतो."

वहिनी एवढेच म्हणाल्या, "हे घरी येऊन म्हणायचे, आज बुवांनी पुन्हा तिरडी बांधली. आणि भाकरी खायचे." मग त्यांनी टाळ उचलला. हरिपाठ आम्ही चौघांनी पुरा केला. सूनबाई धाकटीला मांडीवर घेऊन मागे बसल्या होत्या.

रविवारी, 24 तारखेला, शेजारच्या आजोबांनी आम्हाला चर्चच्या प्रीतिभोजनाला बोलावले. हा त्यांचा देवापुढचा फराळ. 1727 पासूनची चाल. कोणी आले तरी पंक्तीला बसू शकतो. गोड पाव आणि कॉफी जागेवर वाढतात, सगळे मिळून खातात. मला काल्याची आठवण झाली. पावात अंडे असेल-नसेल, गळ्यात माळ आहे, म्हणून मी तो कपाळाला लावला आणि नातवाच्या हाती दिला. कॉफी घेतली. एका लहान मुलाने ओळ म्हटली आणि सर्व सभेने ती उचलली, जशी आपल्याकडे टाळकरी चाल उचलतात. शेवटी प्रत्येकाच्या हाती मेणबत्ती आली. मधमाशीच्या मेणाची, बुडाशी लाल कागदाची झालर. सर्वांनी ती एकदम वर धरली.

बाहेर येताना आजोबा वाद्य पेटीत ठेवीत होते. मी मुलाला म्हटले, यांना सांग, ज्यांच्यासाठी तुम्ही अंगणात वाजवले त्यांचा मी जोडीदार. त्याने सांगितले. मी पाया पडायला वाकलो. गुडघा वाकेना. त्यांना काय चालले आहे ते कळले नाही, म्हातारा पडतो आहे असे वाटून त्यांनी मला धरले आणि छातीशी घेतले. वारीत आपण एकमेकांना उराउरी भेटतो तशीच ती भेट झाली.

जे आज गादीवर उभे राहतात त्या तरुण कीर्तनकारांना हात जोडून एवढेच सांगतो : हुकमी विनोद तोंडात आला की क्षणभर उजवीकडे वळून मृदंगवाल्याचा चेहरा पाहा. समोरच्या हजार माणसांचे हसू ऐकू येते. शेजारच्याचे दुःख तालात वाजते, ते ऐकू येत नाही. चौतीस वर्षांत मला ते आले नाही.

महाराजांच्या चरणी ही सेवा रुजू होवो.

रामकृष्ण हरि.