हयातीचा दाखला

दौंडहून शिरूरला रोज एस.टी.नं नोकरीला जाणारा माणूस शूर असतो, असं माझं प्रामाणिक मत आहे. पण हे मत मी नोव्हेंबर महिन्यात बँकेत बोलून दाखवत नाही. तो आमच्या शाखेत पेन्शनरांचा महिना. प्रत्येकानं येऊन आपण जिवंत असल्याचं सिद्ध करायचं, आणि मी, बी.कॉम.च्या जोरावर, ते मान्य करायचं! माझ्या टेबलासमोरच्या बाकावर तेव्हा अर्धी फौज बसलेली असते.

माझा स्वतःचा लष्करी अनुभव बेताचाच. दौंडला राज्य राखीव पोलिसांचा तळ आहे, त्यांच्या पहाटेच्या बिगुलावर मी कूस बदलतो. १९९९ साली, कारगिलच्या वेळी, कॉलेजची आम्ही पोरं दौंडच्या फलाटावर लष्करी गाडीला चहा द्यायला धावलो होतो. आमची आघाडी तिथंच संपली.

हयातीचा दाखला आता यंत्रावर अंगठा टेकवून होतो. पण झिजलेला अंगठा यंत्राला ओळखू येत नाही. त्यामुळं रांग हलत नाही, आणि रांग हलली नाही की लढाई सुरू होते.

"युद्ध म्हणावं तर आमचं पासष्टचं," नाना तोंड उघडतात. "बावीस दिवस! तुमचं एकाहत्तरचं तेरा दिवसांत आटोपलं."

"आटोपलं नाही नाना, आटोपवलं," आबा म्हणतात. "९३ हजार कैदी धरले."

"धरलेत, आणि सोडलेत!"

कारगिलवाले हवालदार पन्नाशीचे, म्हणजे या दोघांपुढं पोरगाच. ते हळूच म्हणतात, "आम्ही सोळा हजार फुटांवर कडे चढलो, नाना."

"तुम्हाला सारा देश टीव्हीवर बघत होता. आमच्या वेळी तारवाला दिसला की बायका दार लावून घ्यायच्या."

यंदा नानांबरोबर त्यांचा नातूही आला होता. २०२२ साली निघालेल्या योजनेतला अग्निवीर. "चार वर्षांची नोकरी!" नाना म्हणाले. "चार वर्षांत आमच्या सुभेदाराला माझं नावसुद्धा पाठ झालं नव्हतं." मला काळजी वेगळीच. या पोराला पेन्शन नाही. म्हणजे म्हातारपणी हा भांडायला या बाकावर येणारच नाही!

शेवटी तंटा मिटावा म्हणून मी इतिहास काढला. म्हटलं, "मंडळी, याच शिरूरच्या छावणीतून ३१ डिसेंबर १८१७ च्या रात्री कंपनीची तुकडी निघाली. रात्रभर चालली, आणि १ जानेवारीला कोरेगाव भीमाला अन्नपाण्यावाचून दिवसभर लढली. त्यात महार शिपाई मोठ्या संख्येनं होते. पडलेल्यांची नावं तिथल्या स्तंभावर कोरलेली आहेत. बरोबर नवंकोरं घोडदळ होतं, त्यातूनच पुढं पूना हॉर्स झालं. आणि गंमत बघा, ते घोडदळ पेशव्यांच्याच खर्चानं उभं करायचं, असं त्याच वर्षीच्या तहात ठरलं होतं. पैसे ज्याच्या खात्यातून, स्वारी त्याच्यावरच! असा व्यवहार आमच्या शाखेतही अजून झालेला नाही."

"पूना हॉर्स!" आबा सावरून बसले. "नाव घोड्याचं, पण आमच्या वेळी त्यांच्याकडं रणगाडे. एकाहत्तरला त्यांचा खेत्रपाल बसंतरला पडला. परमवीरचक्र मिळालं. वय किती? एकवीस!"

"आणि पासष्टला त्यांचेच कर्नल तारापोर. तेही परमवीर," नाना म्हणाले. "सप्टेंबरची सोळा तारीख."

"खेत्रपालची डिसेंबरची सोळा."

एवढ्या वर्षांत दोघांचं एकमत झालेलं मी पहिल्यांदाच पाहत होतो.

"एकवीस," बाकाच्या टोकावरून आवाज आला. तिथं एक आजी बसतात. दर नोव्हेंबरला येतात, पण बोलत नाहीत. "आमचे मालक तेवीसचे होते. बासष्टला गेले."

बाक एकदम गप्प झाला. १९६२ च्या युद्धाची बढाई मारायला आमच्या बाकावर कधीच कुणी आलेलं नाही.

आजी आपल्या नादातच बोलत होत्या. "तवा पोरगं पाळण्यात होतं. आता ते रिटायर होऊन घरी बसलंय. बापाच्या फोटोशेजारी उभं राहिलं की त्योच बाप वाटतो."

नाना काठी टेकत उठले. "वहिनी, तुम्ही आधी."

हवालदारांनी आजींचा अंगठा पदरानं पुसून यंत्रावर टेकवला. यंत्रानं चारदा नकार दिला. "बघा, मी न्हाई म्हंतंय ते," आजी हसल्या. पाचव्यांदा हिरवा दिवा लागला.

त्या दिवशी नानांचा नंबर सगळ्यात शेवटी लागला. तोवर त्यांनी पासष्टचं नाव काढलं नाही, आबांनी एकाहत्तरचं. मला वाटलं, तंटा कायमचा मिटला. खरं सांगायचं तर मला ते काही बरं वाटेना. टेबल आवरताना दारातून नानांचा आवाज आला, "तरीपण आबा, बावीस दिवस ते बावीस दिवस!"

मी सुटकेचा निःश्वास टाकला. याहून चांगला हयातीचा दाखला कुठलं यंत्र देणार?