देवळालीचा ताप

इंग्रज आपल्याकडून काय काय घेऊन गेला याची यादी करताना आपण कोहिनूरपाशीच थांबतो. पण त्या गड्याने नाशिक जिल्ह्यातली आपली देवळाली उचलून थेट आपल्या शब्दकोशात नेऊन ठेवली, हे मला परवापर्यंत ठाऊक नव्हतं.

त्याचं असं झालं. चौलला आमची आत्या असते. वय अठ्ठ्याऐंशी. रोज संध्याकाळी ओटीवर बसून ती अलिबागच्या एस्टीची वाट बघते. एस्टी येते, दोघे-चौघे उतरतात, आत्या विचारते, "आमचा बाळू नाही का रे आला?" बाळू असतो विलायतेत, लेस्टरला. दर मे महिन्यात तो येणार असतो. गेली सहा वर्षं! परवा त्याचा फोन आला. "अरे, आमचा धाकटा विचारतोय, आजी डूलॅली झाली का?"

मी शब्दकोश काढला. डूलॅली म्हणजे वेडसर, डोकं फिरलेला. आणि उगम? देवळाली! १८६१ साली तिथे गोऱ्या पलटणींची छावणी झाली. मुदत संपलेल्या शिपायांनी तिथे येऊन मायदेशीच्या जहाजाची वाट पाहायची. जहाजं मिळत ती साधारण नोव्हेंबर ते मार्च. एप्रिलात मुदत भरली की बसा हिवाळ्यापर्यंत! काम नाही, धाम नाही. एकेकाचं डोकं फिरे. मग सोबती म्हणत, याला 'डूलॅली टॅप' झाला. टॅप म्हणजे नळ नव्हे, आपला ताप! पुढे ताप उतरला, डूलॅली तेवढं राहिलं.

हे सारं मी मोठ्या उत्साहाने आत्याला सांगितलं. जहाजाची वाट बघणं चौलकरांना काही नवं नाही. एके काळी इथल्या बंदरात अरबस्तानची गलबतं लागत. पंधराव्या शतकात रशियाचा निकितिन इथेच उतरला. आत्याने सुपारी कातरता कातरता सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हणजे जहाज न पाठवणारे शहाणे, आणि वाट बघणारे वेडे होय रे?"

मी तिचं वाक्य जसंच्या तसं बाळूला फोनवर सांगितलं. तिकडून आवाजच येईना. मला वाटलं, लाइन गेली. मग हळूच म्हणाला, "मेचं तिकीट बघतो."

धावत जाऊन आत्याला सांगितलं. तिने अडकित्ता खाली ठेवला.

"बघतो म्हणाला, की काढलं म्हणाला?"

आणि उठून ओटीवर जाऊन बसली. एस्टीची वेळ झाली होती.