अनोळखी पत्रांसाठी उघडं दार

आमच्या मासिकाचा ईमेल पत्ता प्रत्येक अंकात छापलेला असतो. तो लपवून चालत नाही. पहिली कथा पाठवणारा लेखक आम्हाला अनोळखीच असणार! ‘ओळखीच्यांचीच पत्रं घ्या’ असं सुचवणारे भेटतात, पण मग मासिक कशासाठी काढायचं?

कार्यालयातलं संगणकाचं काम मी बघते. पूर्वी आमची मेल बाहेरच्या एका कंपनीच्या सर्व्हरवर होती आणि तिथला फिल्टर संशयास्पद पत्रं परस्पर पुसून टाकायचा. एकदा एका निवृत्त शिक्षकांचा फोन आला. “कथा पाठवली होती, निदान पोच तरी द्या.” त्यांनी हस्तलिखिताच्या पानांचे मोबाइलवर फोटो काढून धाडले होते. विषयाची ओळ कोरी, मजकूर काही नाही, नुसती चित्रं. स्पॅमही पुष्कळदा असंच येतं. कथा आमच्यापर्यंत पोचलीच नव्हती. मला ते फार लागलं.

पुढे आम्ही स्वतःचा सर्व्हर घेतला आणि त्यावर ग्रेलिस्टिंग सुरू केलं. अनोळखी सर्व्हर पहिल्यांदा पत्र घेऊन आला की आमचा सर्व्हर 450 हा क्रमांक देतो, म्हणजे ‘आत्ता नाही, थोड्या वेळाने या’. रीतसर चालणारा सर्व्हर पत्र रांगेत ठेवतो आणि पाचदहा मिनिटांनी पुन्हा येतो. लाखांनी पत्रं उधळणारे स्पॅमचे प्रोग्रॅम बहुधा परत फिरकतच नाहीत. पत्रातला एक शब्दही न वाचता बराच कचरा दारातच थांबतो, म्हणून ही युक्ती मला सगळ्यांत आवडते. मोठ्या मेलसेवा मात्र दुसऱ्या खेपेला वेगळ्याच सर्व्हरवरून येतात, त्यांना आधीच मोकळी वाट द्यावी लागते.

उरलेल्या पत्रांना स्पॅमअसॅसिन हा फिल्टर गुण देतो. 5 गुण भरले की पत्र स्पॅम. त्याचा शिकणारा भाग चांगली 200 आणि वाईट 200 पत्रं दाखवल्याशिवाय कामाला लागत नाही. चांगली म्हणून मी वाचकांची जुनी मराठी पत्रंच दिली. आमच्याकडचा पत्रव्यवहार कसा असतो, हे त्याला दुसरं कोण सांगणार?

पुसण्याचा अधिकार मात्र त्याला दिलेला नाही. अडवलेली पत्रं वेगळ्या फोल्डरमध्ये महिनाभर राहतात आणि रोज सकाळी मी ती स्वतः चाळते. कोऱ्या विषयाची आधी उघडते.